खांद्यावरचे वजन आणि आतून लावलेली कडी

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. दवाखान्याचे शटर अर्धे ओढून मी निघण्याच्या तयारीत होतो, एवढ्यात आमच्या गल्लीतले एक किराणा दुकानदार धापा टाकत आले. "डॉक्टर, लवकर चला. पोरगं माडीवर पडलंय. दार आतून बंद होतं, आत्ता फोडलं." मी बॅग उचलली आणि त्यांच्या मागे निघालो.

माडीवरच्या खोलीत त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, ओठ फाटलेला, उजवे मनगट सुजून वाकडे झालेले. मानेच्या मागे आडवा लालभडक वळ. बाजूला लोखंडी रॉड पडला होता आणि प्लेटा खोलीभर पांगल्या होत्या. मोबाइलवरचे गाणे कुणी बंदही केले नव्हते.

मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. धावण्यात चांगला आहे, पण गोळा हवा तेवढा लांब जात नाही. मैदानावर कुणीतरी सांगितले, मांड्यांत ताकद आण, खांद्यावर वजन घेऊन बैठका मार. या व्यायामाला हल्लीची मुले स्क्वॉट म्हणतात. सल्ला चुकीचा नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद होत्या, तेव्हा थोरल्या भावाने आणलेला रॉड आणि प्लेटा दिवाणाखाली पडून होत्या. त्या बाहेर निघाल्या. रॉड टेकवायला दोन सुटे स्टँड होते. त्या रात्री त्याने सत्तर किलो लावले. चार बैठका झाल्या. पाचव्या बैठकीला खाली गेला तो वर येईना. जोर करताना पुढे झुकला, गुडघ्यांवर आला आणि रॉड पाठीवरून घरंगळत मानेवर येऊन बसला. तोंड फरशीवर, एक हात रॉडखाली. खालच्या मजल्यावर आई जेवायला हाका मारत होती. गाण्याच्या आवाजात तिची हाक त्याला ऐकू आली नाही आणि त्याचे कण्हणे तिला. "काका, ओरडायला श्वासच मिळत नव्हता," असे दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला.

तो वाचला, कारण एका बाजूचे लॉक त्याने नीट आवळले नव्हते. धडपडीत त्या बाजूच्या प्लेटा निसटल्या आणि रॉड दुसऱ्या बाजूला कलंडला. म्हणजे एका चुकीने मारायला घेतले आणि दुसऱ्या चुकीने वाचवले.

सकाळी वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सगळं लोखंड भंगारात घालतो." मी म्हणालो, घालू नका. आज हा लेख लिहितो आहे तो या दोन वाक्यांपायीच. ज्या घरात असे लोखंड आहे तिथे आई-वडिलांची दोनच मते मला दिसतात. एक तर "पोरगा व्यायाम करतोय, चांगलं आहे," म्हणून माडीकडे न फिरकणे. नाही तर काही झाले की सगळे भंगारात. दोन्ही मला पटत नाहीत. बैठक हा माणसाला माहीत असलेल्या सर्वांत उपयोगी व्यायामांपैकी एक आहे. धोका बैठकीत नाही. खाली गेल्यावर वर येता आले नाही तर वजन कुठे ठेवायचे, याचा विचार न करता एकट्याने ती मारण्यात धोका आहे.

आपल्याकडे तालमीत जोर-बैठका पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या तालमीत डोकावून पाहा, माणूस एकटा कधी नसतो. वस्ताद असतो, जोडीदार असतो, निदान आखाडा खणणारे पोर तरी असते. शिवाय ती बैठक अंगच्या वजनाची. दम संपला की माणूस खाली बसतो, बाकी काही होत नाही. खांद्यावर रॉड आला की हा हिशेब बदलतो, आणि घरी वस्ताद नाही. म्हणून त्याचे काम करील अशी दुसरी काही सोय करावी लागते.

ती सोय म्हणजे दोन आडवे पाइप. चार खांबांची लोखंडी चौकट असते, तिला रॅक म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या खाली, हवे तेवढे वर-खाली करता येतील असे दोन मजबूत पाइप किंवा पट्ट्या बसवतात. तुम्ही या दोन पाइपांच्या मध्ये उभे राहून बैठक मारायची. उठता आले नाही तर आणखी थोडे खाली बसायचे. रॉड पाइपांवर टेकतो आणि तुम्ही त्याच्या खालून बाहेर येता. आवाज होतो, बाकी काही होत नाही. पाइपांची उंची महत्त्वाची. तुमच्या सर्वांत खालच्या बैठकीला रॉड जिथे येतो त्याच्या दोन-तीन बोटे खाली पाइप हवेत. फार वर असतील तर प्रत्येक बैठकीला रॉड आपटेल. फार खाली असतील तर तिथे पोचेपर्यंत तुमची कंबर गोल झालेली असेल. ही उंची अंदाजाने ठरवू नका. मोकळा रॉड खांद्यावर घ्या आणि मुद्दाम उठता न आल्याचे नाटक करून खाली टेकवून पाहा. चार-पाच वेळा करा. मोकळ्या रॉडने जे जमत नाही, ते सत्तर किलोखाली घाबरलेल्या अवस्थेत जमणार नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. चोपन्नाव्या वर्षी मी स्वतः दवाखान्यामागच्या खोलीत ही सुरुवात केली. दिवसभर खुर्चीत बसून माझ्याही मांड्या गळाल्या होत्या. गेल्या वर्षी एका रात्री, जेवण नीट झालेले नसताना, चाळीस किलोला मी खाली अडकलो. वजन काही फार नव्हते, पण त्या दिवशी उठता आले नाही एवढे खरे. रॉड पाइपांवर सोडला. शेजारच्या स्वयंपाकघरातून "अहो, काय पडलं?" असा आवाज आला. "काही नाही," म्हणालो. तेच पाइप नसते तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लागले असते.

आता घरगुती सामानातली एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्पर्धेत वापरतात त्या मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. म्हणजे रॉड जमिनीवर पडला तरी तो फरशीपासून सव्वीस-सत्तावीस नव्हे, पण बावीस सेंटिमीटर तरी वर राहतो. डोके आणि मान खाली सापडली तरी थोडी जागा मिळते. घरच्या सेटमधल्या प्लेटा बहुधा वीतभर रुंद असतात. त्या लावलेला रॉड जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत वर. तेवढ्या फटीत माणसाची मान मावत नाही. म्हणून "टीव्हीवर पडतात, काही होत नाही," हे बघून स्वतःची समजूत घालू नका. तिथे प्लेटा मोठ्या, जमीन त्यासाठीच बांधलेली, आणि रॉड मागे सोडून पुढे निसटायचे त्यांना शिकवलेले असते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत मागे दिवाण असतो आणि पुढे कपाट.

पाइपांची चौकट विकत मिळते. गावातला चांगला वेल्डिंगवालाही करून देईल, पण त्याला खिडकीची जाळी करायची नाही, हे समजावून सांगा. खांब जाड हवेत, बूड रुंद हवे, आणि चौकट जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने आवळलेली असावी. आधी पाइपांवर भरलेला रॉड ठेवून, हलवून, मग त्याखाली आपले शरीर न्यावे. दोन सुटे स्टँड मला बिलकूल आवडत नाहीत. रॉड परत ठेवताना एका स्टँडला धक्का लागला की तो कलंडतो. प्लेटा काढतानाही एका बाजूच्या सगळ्या एकदम काढू नयेत. एक इकडची, एक तिकडची, असे करावे. नाही तर हलकी बाजू उसळते आणि रॉड काढणाऱ्याच्या हनुवटीवर बसतो. असे टाके मी घातलेले आहेत.

चौकट करणे परवडत नसेल, किंवा भाड्याच्या खोलीत भोके पाडायची सोय नसेल, तर रॉड खांद्यावर घेऊच नका. एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि बैठक मारा. जमले नाही तर डंबेल पुढे ठेवून द्यायचे, एवढेच. पंधरा-वीस किलोचे डंबेल छातीशी धरून सावकाश पंधरा बैठका मारून पाहा. जिना उतरताना कठड्याला धरावे लागेल. रॉडच वापरायचा हट्ट असेल, तर जेवढे वजन स्वतः जमिनीवरून उचलून, डोक्यावरून मानेमागे घेता येते आणि तसेच परत जमिनीवर ठेवता येते, तेवढेच वापरावे. वरचा पंखा किती खाली आहे ते आधी पाहावे, हे सांगायला नको.

बैठक मारण्याची रीत थोडक्यात. रॉड मानेच्या हाडावर नको, त्याच्या खाली, खांद्यांच्या मांसल भागावर हवा. स्टँडची उंची छातीएवढी ठेवावी, म्हणजे रॉड उचलायला चवड्यांवर उभे राहावे लागत नाही. मागे दोन पावले, फार नाही. पाय खांद्यांएवढे फाकलेले, चवडे किंचित बाहेर, आणि गुडघे चवड्यांच्या दिशेने. टाच उचलता कामा नये. पाठ ताठ, म्हणजे उभी नव्हे, तर सरळ. चपला घालून किंवा मऊ स्पंजच्या बुटांत वजन घेऊ नका. अनवाणी पाय किंवा सपाट, कडक तळ बरा. गुळगुळीत फरशीवर घाम सांडला की पाय सरकतो. गोठ्यात गाई-म्हशींखाली घालतात ती जाड रबरी मॅट यासाठी उत्तम. फरशीही वाचते, आणि खाली भाडेकरू असेल तर संबंधही टिकतात.

वजन वाढवण्याबाबत माझे मत जुनाट वाटेल. एकट्याने व्यायाम करणाऱ्याने शेवटची बैठक कधी मारूच नये. आणखी दोन निघाल्या असत्या असे वाटते आहे, तेव्हाच रॉड ठेवावा. आठवड्याला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो वाढले तरी सहा महिन्यांत किती होते, याचा हिशेब करा. आज आपली ताकद किती, हे अजमावून पाहण्याची हौस असेल तर चार माणसांत, व्यायामशाळेत जाऊन भागवावी. रात्री साडेनऊला, एकट्याने, गाणे लावून नव्हे.

आता रक्तदाब. १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या रोहिणीत नळी घालून, वजन उचलत असताना त्यांचा रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला आणि एकाचा ४८० च्याही वर. माझ्या टेबलावरच्या पाऱ्याच्या यंत्रातले आकडे ३०० ला संपतात. तरुण, निरोगी रोहिण्या हा काही सेकंदांचा ताण सोसतात. पण ज्याचा दाब आधीच १६० आहे आणि ज्याने गोळ्या "बरं वाटतंय" म्हणून बंद केल्या आहेत, त्याने हा खेळ करू नये. दाब आटोक्यात आणावा, हलके वजन घ्यावे, आणि उठताना श्वास सोडत उठावे. श्वास कोंडून ओळीने चार-पाच बैठका मारल्या की रॉड ठेवताच अंधारी येते. चक्कर आली तर आधी रॉड पाइपांवर टेकवा, मग खाली बसा. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेले, नुकतीच डोळ्यांची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेले, अंतर्गळ म्हणजे हर्निया असलेले, आणि कमरेतून पायात कळ जाणारे, यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. फोनवर नाही, समोर येऊन.

"बैठकांनी गुडघे झिजतात" हे आपल्याकडे प्रत्येक घरात ऐकू येते. १९६१ साली टेक्सास विद्यापीठातल्या क्लाइन यांनी खोल बैठकांनी गुडघ्याचे बंध सैल पडतात असे लिहिले आणि ती भीती जगभर पसरली. नंतर इतरांनी मोजून पाहिले तेव्हा तसे आढळले नाही. कबूल करायला हवे की, प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मीही गुडघे दुखणाऱ्या प्रत्येकाला "बैठका बंद, मांडी घालून बसणं बंद," असे सरसकट सांगत असे. आज गुडघ्याच्या संधिवातातही मांडीचे स्नायू बळकट करणे हा पहिल्या फळीतला उपचार मानला जातो. त्या पेशंटांपैकी काही आजही काठी टेकत येतात. त्यांच्याकडे बघताना मला बरे वाटत नाही. गुडघ्यातून नुसता कट्कन आवाज येतो आणि दुखत नाही, तर घाबरू नका. दुखले, सुजले किंवा गुडघा अडकला, तर या.

आणि हा व्यायाम पोरांचाच आहे असे समजू नका. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने जड वजनांचा व्यायाम दिला. त्यात रॉड घेऊन मारायची बैठकही होती. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. आमच्या घरातल्या बायकांना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. पण त्या अभ्यासातली एक अट विसरू नका. प्रत्येक वेळी शिकवणारा माणूस समोर उभा होता. रीत शिकायला महिनाभर तरी कुणाच्या नजरेखाली जावे, मग घरी करावे.

बैठका मारल्यावर दोन-तीन दिवस मांड्या दुखणे साहजिक आहे. मात्र पहिल्याच दिवशी चेवाने दोन-तीनशे बैठका मारल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थेट दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यांतला रंग मूत्रपिंडात उतरतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कमरेत कट्कन होऊन दोन्ही पाय बधिर झाले, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर रात्र काढू नका.

कुणी रॉडखाली सापडलेले दिसले तर आधी रॉड उचला, माणूस नंतर. दोघांनी दोन टोकांना धरून सरळ वर उचलावा; एकटेच असाल तर एक टोक उचलून बाजूला फिरवावे. मान धरून ओढू नका, पाणी पाजू नका, बसवू नका. हातापायांची बोटे हलवायला सांगा. हलत नसतील किंवा मान दुखत असेल तर आहे तसेच झोपवून १०८ ला फोन करा. त्या रात्री वडिलांनी मुलाला काखेत धरून उठवून बसवले होते. मानेच्या हाडाला धक्का नव्हता, म्हणून निभावले. ते मी त्यांना अजून सांगितलेले नाही. हा लेख वाचून कळेल.

मनगटाचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. दात दंतवैद्याने बसवला. भंगारवाल्याऐवजी वेल्डिंगवाला घरी आला आणि चौकट भिंतीत बोल्टने बसली. व्यायामाची वेळ आता संध्याकाळी सहाची, दुकानात नोकर असतो तेव्हाची. फोन टेबलावर नाही, हात पोचेल असा जमिनीवर असतो, आणि गाणे त्यावर लागत नाही. धाकटी बहीण दर दहा मिनिटांनी जिन्यातून हाक मारते आणि "ओ" आल्याशिवाय हलत नाही. मुलाने या सोमवारी मोकळ्या रॉडने सुरुवात केली. फोडलेले दार सुताराने नीट केले, तेव्हा वडिलांनी त्याला आतली कडी लावू दिली नाही.